माझ्या पोटात नावं नव्हती

मी एक जुना टीव्ही आहे, आणि आधीच कबूल करून टाकतो की माझ्या पोटात काहीही राहत नाही. चित्र येतं, काचेवर नाचतं, निघून जातं. बटण बंद केलं की मधोमध एक पांढरा ठिपका उरतो, तोही क्षणभर. एवढी साधी गोष्ट कुणी वेळेवर कुणाला सांगितली असती, तर चार माणसांची गावं हरवली नसती. तेच सांगायला मी आज बोलतो आहे. करमणूक म्हणून ऐकायला बसला असाल तर उठून गेलात तरी चालेल, मित्रांनो, मला राग येणार नाही. बसणार असाल तर मात्र शेवटपर्यंत बसा.

मी चौदा इंची, काळा-पांढरा. लाकडी पेटी, चार बारीक पाय, पुढं दोन फळ्यांचं सरकतं दार. कुठल्याशा शहरातल्या कारखान्यात पोरींनी माझ्या पोटातल्या तारा डाग देऊन जोडल्या. सिमेंट कारखान्यातल्या एका साहेबांनी मला गडचांदूरला आणलं. हळदीकुंकू लावलं, माझ्यावर विणलेला रुमाल टाकला. दोन वर्षं माझी मोठी चैन झाली. मग माझं चित्र वर-खाली पळायला लागलं आणि साहेबांच्या घरी रंगीत टीव्ही आला. माझी रवानगी व्हरांड्यात, चपलांशेजारी झाली. लोक माझ्या डोक्यावर ओल्या छत्र्या ठेवू लागले. साहेबांची बदली झाली, सामान बांधलं जाऊ लागलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "हे खोकं कुठं वागवायचं?" आणि दुरुस्तीला येणाऱ्या मिस्त्रीला त्यांनी मला देऊन टाकलं. सोबत पोराला कंटाळा आलेला एक काळा कॉम्प्युटरही दिला. शाळेच्या वहीएवढा होता तो, त्याला रबराची बटणं होती. त्याला स्वतःचं तोंड नव्हतं. कुणाच्या तरी काचेला तार जोडल्याशिवाय त्याला काही दाखवता येत नव्हतं.

त्या मिस्त्रीचं नाव इसरू. गडचांदूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून बौद्धांची एक वस्ती होती, तिथं त्याचं दोन खोल्यांचं घर. इसरू सातवी नापास. पण रेडिओ उघडला की त्याची बोटं आंधळ्या माणसासारखी आत फिरायची आणि दुखणं शोधून काढायची. लग्नात, जयंतीला, नाटकाला तो लाउडस्पीकर लावायचा. मागच्या खोलीत त्यानं स्टुडिओ केला होता. हसू नका. भिंतींना सिमेंटची रिकामी पोती दुहेरी-तिहेरी ठोकली होती, दाराला जुनी गोधडी, छताला तुराट्या आणि त्यावर बारदाना. दोन टेपरेकॉर्डर, एक मायक्रोफोन आणि एक कुबट वास. आसपासच्या वीस गावांतली भीमगीतांची मंडळं, दंडार या लोकनाट्यातले गाणारे, सगळे तिथं येऊन गायचे आणि कॅसेट घेऊन जायचे.

शेजारी खदान होती. गुणवंतराव ठेकेदाराची, चुन्याच्या दगडाची. दुपारी बारा आणि चार वाजता भोंगा व्हायचा, मग सुरुंगाचा बार. भोंगा झाला की इसरू टेप थांबवायचा, गाणारे तोंड उघडं ठेवून थांबायचे, बार व्हायचा, पोत्यांतून बारीक धूळ सांडायची आणि गाणं जिथं थांबलं तिथून पुढं सुरू. असा तो स्टुडिओ.

इसरूनं माझं चित्र एका दुपारात थांबवलं. मग मला आणि त्या काळ्या कॉम्प्युटरला जोडायला मात्र तीन दिवस घेतले. माझी पाठ उघडली, दोनदा करंट खाल्ला, शिव्या दिल्या, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या काचेवर एक अक्षर उमटलं. साहेबाच्या घरी मी सिनेमे दाखवले, भाषणं दाखवली, पण त्या एका अक्षराला पाहून इसरू जसा ओरडला तसं मला पाहून कधी कुणी ओरडलं नव्हतं. त्याची बायको मनकर्णा चुलीवरून धावत आली.

"काय झालं? भाजलं काय तुमाले?"

"अवो, पाह्य तं खरं! बोलून राह्यला तो."

"कुठी बोलून राह्यला? मुका तं आहे."

मनकर्णाला वाचता येत नव्हतं. तिच्या गावात शाळा होती, पण ती शाळेच्या मागच्या रानात शेळ्या राखायची. कामाला मात्र वाघीण. आणि तिच्याशिवाय तो कॉम्प्युटर मराठी बोललाच नसता. त्या यंत्राला फक्त इंग्रजी अक्षरं येत होती. दुसरं अक्षर हवं असेल तर आठ आडव्या, आठ उभ्या ओळींच्या चौसष्ट घरांत ठिपके मांडून ते आपणच घडवायचं, असं त्याच्यासोबत आलेल्या पुस्तकात होतं. इसरूचा 'अ' बेडकासारखा यायचा. मनकर्णा म्हणाली, "सरा तिकडं." तिनं शेणानं सारवलेल्या जमिनीवर खडूनं चौसष्ट घरं आखली, पदरातून लाखोळीच्या डाळीचे दाणे काढले आणि घराघरात ठेवत गेली. रांगोळीचा हात होता तिचा. इसरूनं पाटीवर अक्षर काढून द्यायचं, तिनं ते दाण्यांत बसवायचं, त्यानं घरं मोजून बटणं दाबायची. दीड महिन्यात सगळी बाराखडी झाली. वाचता न येणाऱ्या बाईनं अक्षरं घडवली, मित्रांनो. कुठल्याही पुस्तकात तिचं नाव नाही, म्हणून मी सांगतो.

मग माझे खरे दिवस सुरू झाले. गाण्याचे शब्द माझ्यावर मोठ्या अक्षरात उमटायचे. कोपऱ्यात एक पांढरा चौकोन उघडमीट करायचा आणि गाणारे त्यावर लय धरायचे, कारण त्याला आवाज नव्हता, टेपात शिरायचा नाही. माझ्या अंगातली घरघर मात्र माइकमध्ये शिरायची, म्हणून मला चार हात दूर, अंगावर गोधडी पांघरून, फक्त तोंड उघडं ठेवून बसवत. लाज वाटायची नाही. कामाचा माणूस गोधडीत बसला तरी कामाचाच.

रविवारी सकाळी तार बदलून मला बांबूवरच्या अँटेनाला जोडायचे आणि अंगणात बसवायचे. तेव्हा गावातले लोकही यायचे. या घरचं पाणी त्यांना चालत नव्हतं, या घरचं चित्र चालत होतं. पुढच्या रांगेत बसून पाहायचे आणि तहान लागली की आपल्या घरी जाऊन पाणी पिऊन परत यायचे. मी सगळ्यांना सारखंच दाखवलं. आज वाटतं, दाखवायला नको होतं.

कॉम्प्युटरला लिहून दिलेलं वीज गेली की साफ जायचं. म्हणून इसरू ते साध्या कॅसेटमध्ये भरून ठेवायचा. गाण्याची असते तसलीच कॅसेट. टेप लावली की त्यातून रातकिड्यांसारखी किर्र निघायची, पाच मिनिटं किर्र चालली की अक्षरं माझ्या तोंडावर परत. मनकर्णा ती किर्र ऐकून म्हणायची, "याची भूक लागली वाटते." तिला वाटायचं मला काहीतरी खाऊ घालतात आणि मग मला सगळं आठवतं. इसरू हसायचा. तिला समजावून सांगावं असं त्याला एकदाही वाटलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

सत्त्याऐंशी सालचा एप्रिल. खदानीत एक सुरुंग फुटलाच नाही. फसलेला सुरुंग असला की तिकडं फिरकायचं नाही, असा नियम. पण ट्रक रांगेत उभे होते. ठेकेदाराचा माणूस ओरडला, "उतरा रे, किती वेळ?" लोक उतरले. तो सुरुंग तेव्हा फुटला आणि दगडाची अख्खी भिंत अकरा जणांवर बसली.

हजेरीपटावर त्यातली चार नावं होती. चार मुडदे काढले. उरलेली सात माणसं जंगलपट्टीतून आलेली, वैनगंगेच्या पलीकडची. त्यांची हजेरीच लावलेली नव्हती. ठेकेदार म्हणाला, चारच होते. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर मातीचे ट्रक रिकामे झाले. सरकारी माणूस आला, मातीच्या ढिगाऱ्याकडं पाहून चहा पिऊन गेला. तुम्हाला असं वाटतं का, की हे सगळं लपून झालं? भर उन्हात झालं. वस्तीनं पाहिलं, गावानं पाहिलं, अंगणात रविवारी बसणाऱ्यांनीही पाहिलं.

त्या सातांतला कोण कुठला ते माहीत असलेला एकच माणूस होता, लहानू मेट. मेट म्हणजे टोळीचा म्होरक्या. त्यानंच त्यांना जंगलातून आणलं होतं. पाचव्या दिवशी बाराच्या भोंग्याआधी तो इसरूकडं आला. उभा राहिला तो दारातच.

"इसरूभाऊ, तुह्या मशीनीत माणसाचा आवाज राहाते म्हणते."

"राहाते ना. बसा, काका."

"बसत नाई. ठेकेदार मले सिरोंच्याच्या पलीकडं कामावर धाडून राह्यला. उद्याच. वापस येतो का नाई, माईत नाई. माह्यामांगं यायच्या घरी कोण सांगन? नाव सांगून भागत नाई. दसरू म्हणलं तं जंगलात हजार दसरू आहेत. बापाचं नाव अन् गाव पाह्यजे."

इसरूनं टेप चालू केली. लहानू मायक्रोफोनला हात जोडून उभा राहिला आणि एकेकाचं नाव, बापाचं नाव, गाव सांगू लागला. मध्येच बाराचा भोंगा झाला. इसरूचा हात सवयीनं बटणाकडं गेला आणि थांबला. टेप चालूच राहिली. बार झाला, पोत्यांतून धूळ पडली, लहानूनं डोळे मिटले आणि पाचवं नाव सांगितलं. ते सगळं त्या कॅसेटवर उतरलं, बारासकट.

लहानू दुसऱ्या दिवशी ट्रकनं गेला. आजपर्यंत त्याचा पत्ता नाही.

इसरूनं सातही नावं वहीत उतरवली, त्यावरून अर्ज लिहिला आणि एका कचेरीत नेऊन दिला. तिथल्या बाबूनं शिक्का दिला नाही. आठवडाभरानं विचारायला गेला तर बाबू म्हणाला, "कोणता अर्ज?" इसरू घरी आला तो दात खातच. म्हणाला, "कागद गिळतात हे. गाणं कसं गिळतील?" त्याच्या डोक्यात आलं की या सात जणांचं गाणं करायचं, नाव-गावासकट, गावागणिक एक कॅसेट भरायची आणि त्या त्या गावात पोचवायची. बाजारात लाउडस्पीकरवर लावायचं ते वेगळंच.

गायला देवराव आला. देवराव पेटी वाजवायचा, गळा सोन्यासारखा, तोंड मात्र फाटकं. इसरूनं नावं माझ्यावर उमटवली. पहिल्या पानावर तीन: दसरू, बाप झिंगू, कोसमटोला. बुधू आणि त्याची बायको सोमारी, पळसगुडा. उरलेली चार, बापाच्या नावासकट आणि गावासकट, दुसऱ्या पानावर: मंगरू, चैतू, सुकरी, लालसू. चाल बसवायला पहिलं पान पुरे म्हणून तेच दिवसभर माझ्या काचेवर असायचं. मनकर्णा झाडताना, पीठ मळताना त्याच्याकडं पाहायची. एकदा तिनं बोट लावून विचारलं, "हे माह्या हातचं अक्षर ना? हा कोण होय?"

"दसरू."

"अन् ही?"

"सोमारी."

ती माझ्या काचेसमोर बसली आणि पदरानं काच पुसली. हळूच, तोंड पुसावं तशी. तिच्या मनात तेव्हाच बसलं असणार की ही माणसं इथं, या खोक्यात आहेत.

आणि देवराव चहाच्या टपरीवर जाऊन बसला. "अरे, ठेकेदार काय लपवते? साती जणं इसरूच्या टीव्हीत बसले आहेत! नाव, बाप, गाव, सगळं. मी सोताच्या डोयानं पाह्यलं." लोकांनी माना हलवल्या. त्यातली एक मान ठेकेदाराची होती, नाहीतर त्याच्या माणसाची.

दुसऱ्या दिवशी इसरू सकाळच्या गाडीनं वरोऱ्याला गेला होता, कोऱ्या कॅसेटा आणायला. दुपारी शेजारची रुखमा म्हातारी काठी टेकत आली.

"मनकर्णा, अवो पोरी, ठेकेदाराची जीप निघाली नाक्यावरून. तुह्या टीव्हीचं नाव घेऊन राह्यले ते."

मनकर्णा मागच्या खोलीत आली. तिच्यापुढं सगळंच होतं. फळीवर कॅसेटांची रांग, रांगेत डावीकडून दुसरी लहानूची, त्याशेजारी कॉम्प्युटरची. खुंटीला पिशवी, पिशवीत वही. हात लांब केला असता तर दोन कॅसेटा आणि एक वही ओच्यात मावली असती, आणि ओच्यात काय आहे ते कुणी विचारलं नसतं. मी ओरडत होतो, मित्रांनो. मुका टीव्ही जितका ओरडू शकतो तितका.

तिनं माझी तार उपटली. मला गोधडीत गुंडाळलं, डोक्यावर चुंबळ ठेवली, रुखमाच्या हातभारानं मला उचललं आणि मागच्या दारानं निघाली.

एप्रिलचं ऊन. कापसाच्या वावरात पऱ्हाट्या कापून नेलेल्या, बुडखे उभे. तिच्या पायात चप्पल नव्हती. बुडखे टोचत होते आणि ती चालत होती, मान ताठ, दोन्ही हात माझ्या कडांना. आणि चालता चालता बोलत होती. माझ्याशी नाही.

"हलू नोका, बाप्पा. पोचून राह्यलो. सोमारी, धरून राह्य व माय. उलीसंच राह्यलं."

माझ्यात कुणी नव्हतं. काच, तांबं आणि लाकूड. तिच्या मानेवरून घामाचे ओघळ वाहत होते आणि ती एका रिकाम्या खोक्याला धीर देत होती.

नाल्यापलीकडं पऱ्हाट्यांचा ढीग होता. त्यात तिनं मला खुपसलं, वरून काड्या लोटल्या आणि तिथंच सावली नसलेल्या जागी बसून राहिली.

घरी काय झालं ते मी पाहिलं नाही. रुखमानं दुसऱ्या दिवशी सांगितलं तेच सांगतो. चौघं जण उतरले. आत जाऊन बाहेर आले.

"म्हातारे, टीव्ही कुठी आहे?"

"बिघडला जी. नागपूरले धाडला."

"खोटं बोलून राह्यली."

"खोटं बोलून मले काय भेटन, बाबू? तोंडात दात तं नाई राह्यले."

ते आपसात बोलले ते रुखमानं ऐकलं. एक म्हणाला, "ठेकेदारसाहेबानं टीव्ही फोडाले सांगतलं होतं. निस्ता फोडा अन् वापस या म्हणे." दुसरा म्हणाला, "तो नाई ना आता. मंग सगळंच उचला." त्यांनी फळीवरच्या सगळ्या कॅसेटा पोत्यात भरल्या. भीमगीतं, दंडारी, अठरा वर्षांच्या एका पोरीचं तिच्या लग्नाआधी भरलेलं गाणं, आणि लहानूचा आवाज. कॉम्प्युटर, दोन्ही टेपरेकॉर्डर, वही. भिंतीची पोती फाडली. जीप गेली.

मी तिथं असतो तर त्यांनी मला फोडलं असतं. एक दगड, एक फटाका, काचेचा चुरा. आणि हात झटकून परत गेले असते. त्या गुंडांचीही तीच समजूत होती, जी मनकर्णाची. सगळे माझंच तोंड पाहत होते. मला वाचवलं म्हणून सगळं गेलं. हे मला आजही गिळता येत नाही.

संध्याकाळी इसरू आला. उघड्या पडलेल्या भिंती पाहिल्या आणि उंबऱ्यावरच बसला. मनकर्णा डोक्यावर मला घेऊन आली तेव्हा तिच्या पायांतून रक्त येत होतं आणि चेहरा मात्र उजळलेला.

"रडू नोका. मी नेलं होतं त्याइले. सगळेच्या सगळे वाचले."

"कोण वाचले?"

"साती जणं. हे पाहा ना." तिनं गोधडी सोडली.

इसरू माझ्याकडं पाहत राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, "अन् लहानूकाकाची कॅसेट? वही?"

"ते नेलं त्याहीनं. जाऊ द्या. नावं तं इथी आहेत. लावा ना, लावा."

त्यानं माझी तार लावली. का लावली कोण जाणे, कदाचित तिच्या तोंडाकडं पाहून. माझी काच तापली. मुंग्या आल्या. काळ्या-पांढऱ्या, लाखो, खरखर करत.

"थांबा, येतील," मनकर्णा म्हणाली. "आदी अशाच मुंग्या येतात."

दोघं बसून राहिले. मी सगळा जीव काचेत आणला. मुंग्या, मुंग्या, मुंग्या. अखेर इसरूनं बटण फिरवलं. पांढरा ठिपका मधोमध आला आणि गेला.

"मनकर्णा, हा निस्ता आरसा आहे. समोर कोणी असलं तं दिसते. आत राहात नाई कोणी."

"मंग नावं कुठी होती?"

"कॅसेटात."

तिनं गोधडीची घडी घातली. मग तिनं मान वर केली. "दीड महिना मी दाणे मांडले. तुमी घरं मोजली. मले एकदा सांगितलं काऊन नाई, का हे कुठी राहाते?"

एवढा हुशार माणूस, यंत्राला मराठी शिकवणारा, आणि शेजारी बसलेल्या बाईला दोन वाक्यं सांगायची राहून गेली. तिला काय समजणार, असं त्यानं कधी तोंडानं म्हटलं नसेल. मनात होतंच. शिकलेल्यांच्या मनात असतंच हे, आणि अर्ध्या शिकलेल्यांच्या मनात तर जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुखमानं जीपची सगळी कथा सांगितली, 'निस्ता फोडा अन् वापस या'सकट. मनकर्णानं ऐकलं. जेवली नाही. दुपारी उठली, जमिनीवर चौसष्ट घरं आखली आणि लाखोळीचे दाणे घेऊन बसली.

इसरूला सातही नावं आठवत होती. गावं आठवेनात. कोसमटोला की कोसमगुडा? एकाच नावाच्या तीन-तीन वाड्या असतात जंगलात. तो डोकं धरून बसला होता. आणि ही बाई, जिला वाचता येत नव्हतं, एकामागून एक अक्षर मांडत होती. दिवसभर काचेवर पाहिलेलं पहिलं पान तिच्या डोळ्यांत जसंच्या तसं होतं. 'को' झाला. 'स' झाला. 'म' मांडला. 'टो' मांडताना थांबली, दोन दाणे उचलले, पुन्हा ठेवले. इसरू एकेक अक्षर कागदावर उतरवत होता. पळसगुडाही आलं. पहिलं पान पुरं झालं.

"आता दुसरं," इसरू म्हणाला.

ती घरांकडं पाहत राहिली. दाणे मुठीत. दुसरं पान माझ्यावर एकदाच आलं होतं, पाच मिनिटं. तेव्हा ती पाणी भरायला गेली होती.

"नाई दिसत," ती म्हणाली. "नाई दिसत मले."

देवरावाला विचारायला गेले तर तो सासुरवाडीला पळालेला. पुढं दोन महिन्यांनी सापडला, पाया पडला, पण त्यानंही दुसरं पान गायलं नव्हतं.

इसरू तो कागद खिशात घालून निघाला. गाडी, मग होडी, मग पायी. कोसमटोल्याला पोचला. दसरूचा बाप झिंगू अंगणात दोरी वळत बसला होता. इसरूनं सांगितलं. म्हातारा दोरी वळतच राहिला. मग म्हणाला, "आमी तं रोज शिव्या देऊन राह्यलो त्याले. तिकडं पैसा पाह्यला, बाई पाह्यली, बापाले विसरला म्हणून. काल बी देल्ली." दोरी त्याच्या हातातून सुटली. पळसगुड्याला सोमारीचं लेकरू आजीजवळ होतं. इसरूला पाहून विचारलं त्यानं, "बाबा संगं आला?" हे इसरूनं घरी येऊन सांगितलं.

ठेकेदाराचं काय झालं विचाराल. काही झालं नाही. खदान खोल झाली, पाणी भरलं, तो दुसरीकडं गेला. गोष्टीत शिक्षा होते, मित्रांनो. मी गोष्ट सांगत नाही.

स्टुडिओ पुन्हा उभा राहिला नाही. इसरू पुन्हा रेडिओ दुरुस्त करू लागला. मनकर्णानं त्याच वर्षी पाटी घेतली आणि तिच्या हातच्या अक्षरांची नावं शिकली, एकेकाचं. आज कुणीही तिच्या दारात पाणी प्यायला थांबला, कामाला जाणारा, कामावरून येणारा, की ती पाण्याआधी विचारते: नाव? बापाचं? गाव? आणि भिंतीवर कोळशानं लिहिते. लोक हसतात. भिंत भरली की चुना मारायच्या आधी ती सगळं वहीत उतरवते, आणि एकाच वहीत नाही, दोन वह्यांत. एक वही रुखमाच्या घरी.

मी गोठ्याच्या कोपऱ्यात आहे. माझं सरकतं दार निघालं, पेटीत कोंबडी बसते. तुमच्यासारखे कुणी आले की रुमालानं काच पुसायला बघतात. पुसू नका. जुन्या टीव्हीची काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही; मला मरू द्या. तुम्हाला जे समजलं आहे ते घरातल्या त्या माणसाला सांगा, ज्याला समजणार नाही असं तुम्ही धरून चालला आहात. आणि तुमच्या शेजारी कुणी लांबचा माणूस राबत असेल तर त्याला गाव विचारा. नुसतं नाव विचारून निघून जाऊ नका.

मंगरू. चैतू. सुकरी. लालसू. ही चार नावं मला पाठ आहेत, काचेवर पाच मिनिटं होती म्हणून नाही, इसरूच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकली म्हणून. जंगलातल्या कुठल्यातरी चार अंगणांत आज संध्याकाळीही कुणीतरी दाराकडं तोंड करून त्यांना शिव्या देत बसलं असेल, की मेले शहरात जाऊन आम्हाला विसरले. त्यांना थांबवायला हवं. जायला इसरू तयार आहे. कुठं जायचं, तेवढं मात्र माहीत नाही.